गुडघा दुखावला म्हणजे वाट संपली का?

डिसेंबरच्या अखेरीस एका नातलगाकडे वलिम्याच्या दावतीसाठी धसईला जाणे झाले. कल्याणहून मुरबाड सुमारे तीस किलोमीटर आणि तेथून पुढे एसटी. भातकापणी आटोपली होती. खाचरांत धसकटे उभी होती, आणि एका खाचरातली धसकटे खणून काढून मुलांनी टेनिस बॉलच्या क्रिकेटसाठी मैदान केले होते. एक पोरगा चेंडूमागे धावताना ढेकळावर पाय पडून कोसळला. दोघांनी त्याला बगलेत धरून बांधावर आणले, एकाने त्याचा पाय धरून जोरात ओढला, दुसऱ्याने घोट्यावर पाणी ओतले. पाच मिनिटांनी तो लंगडत पुन्हा मैदानात उतरला. कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हालाही वाटले नाही.

दावत आटोपल्यावर शेजारच्या ओट्यावर बसलो होतो. घरातली दहावीत शिकणारी मुलगी चहा घेऊन आली, तीही लंगडत. आम्ही सहज विचारले, तेव्हा तिच्या वडिलांनी सांगितले, ‘‘कबड्डी खेळायची. शाळेच्या संघात होती. आता झालं ते सगळं.’’

झाले ते असे. पावसाळा संपता संपता शाळेच्या सामन्यात चढाई करताना तिचा पाय जमिनीत रुतला आणि अंग वळले. आतून ‘कट’ असा आवाज आला, तो तिला स्वतःला ऐकू आला. मैदानावर कोणीतरी पाय ओढला, थंड फवारा मारला आणि संघात एक खेळाडू कमी म्हणून तिला पुन्हा उतरवले. रात्रीपर्यंत गुडघा टम्म सुजला. घरच्यांनी तेल लावून शेकले. मग कोणीतरी सांगितले म्हणून एका जाणत्याकडे नेऊन तो चोळून ‘बसवून’ घेतला. सूज उतरली, पण उतारावरून चालताना गुडघा आतल्या आत निसटल्यासारखा होई. दोन महिन्यांनी कल्याणला नेऊन एमआरआय काढला, तेव्हा कळले की लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध, तुटला आहे.

‘‘अल्लाहची मर्जी,’’ वडील म्हणाले. ‘‘खेळ संपला एका परीनं बरंच झालं. दहावी झाली की आर्ट्सला घालतो. घराजवळ राहील.’’

मुलगी काही बोलली नाही. वडील पाहुण्यांना निरोप द्यायला उठले, तेव्हा तिने हळूच विचारले, ‘‘चाचा, टीव्हीवर मॅचमध्ये कोणी पडलं की पेटी घेऊन धावत येतात ना, ते कोण असतात? त्यांना काय शिकावं लागतं?’’

या सदरात आम्ही दर महिन्याला शिक्षणाच्या वाटांबद्दल लिहितो. डॉक्टर, वकील, सीए, स्पर्धा परीक्षा, सगळे लिहून झाले. पण हा प्रश्न आम्हाला आजवर एकाही वाचकाने विचारलेला नव्हता. त्या मुलीला अर्ध्या तासात जमेल तेवढे सांगितले. उरलेले येथे लिहीत आहोत. दहावीचा निकाल लागला की अकरावीची शाखा ठरते, आणि या वाटेचे पहिले दार तेथेच उघडते किंवा बंद होते.

पेटी घेऊन धावणारे कोण?

मैदानाच्या कडेला एकच माणूस दिसला तरी त्याच्यामागे निरनिराळे पेशे असतात. दुखापतीचे निदान करणारा आणि औषध देणारा तो क्रीडावैद्यक जाणणारा डॉक्टर. तुटलेला अस्थिबंध किंवा फाटलेली कूर्चा शस्त्रक्रियेने दुरुस्त करणारा अस्थिशल्यचिकित्सक. दुखापतीनंतर महिनोन्‌महिने व्यायाम करवून सांधा पुन्हा कामाचा करणारा फिजिओथेरपिस्ट, आणि धावत येणारा माणूस बहुधा हाच असतो. दुखापत होऊच नये म्हणून वर्षभर ताकद, लवचिकता आणि दम वाढवून घेणारा प्रशिक्षक. शिवाय आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ.

अमेरिकेत ‘ॲथलेटिक ट्रेनर’ हा वेगळा, परवाना असलेला पेशा आहे. तेथे त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० पासून काम करते, आणि पुष्कळ शाळांच्या मैदानांवरही असा माणूस नेमलेला असतो. आपल्याकडे त्या नावाचा वेगळा परवाना नाही. ते काम मुख्यतः फिजिओथेरपीची पदवी घेऊन पुढे खेळाकडे वळलेली मंडळी करतात. म्हणून आपल्या मुलामुलींसाठी या क्षेत्राचा सरळ दरवाजा फिजिओथेरपी हाच आहे.

हे काही परदेशातून काल-परवा आलेले फॅड नाही. इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी ‘अल-कानून’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात व्यायामाचे प्रकार, तो कोणी किती करावा आणि मालिश कधी करावी, याची चर्चा केलेली आहे. आणि आधुनिक काळात भारतात या शिक्षणाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांची गरज ओळखून, त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. हाजी अलीच्या दर्ग्याला आपल्यापैकी कित्येक जण गेले असतील. रस्त्याच्या अलीकडे असलेल्या त्या सरकारी संस्थेत हातपाय गमावलेल्यांना पुन्हा उभे करण्याचे काम सत्तर वर्षे चालू आहे, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

क्रिकेट पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना अली इराणी हे नाव आठवत असेल. १९९७ पर्यंत सुमारे दहा वर्षे ते भारतीय क्रिकेट संघाचे फिजिओथेरपिस्ट होते आणि मुंबईच्या नानावटी रुग्णालयात त्यांनी फिजिओथेरपी विभाग सांभाळला. त्या दहा वर्षांत संघात खेळाडू आले आणि गेले, पण कोणीही पडला तरी धावत जाणारा माणूस तोच होता. बॅट-बॉल हातात न धरता देशाच्या संघाबरोबर राहण्याची ती एक वाट होती. गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस यांची वाट दुहेरी होती. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचे कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते आणि पुढे क्रीडावैद्यकाचे डॉक्टर म्हणून त्यांनी उरलेले आयुष्य खेळाडूंसाठी घालवले. टेनिसपटू लिअँडर पेस त्यांचे चिरंजीव.

शस्त्रक्रिया एका दिवसाची, बाकीचे काम वर्षाचे

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे आपण सर्वांनी पाहिला आहे. शेतकरी घरातला मुलगा, लष्करात गेला, ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या अडथळ्याजवळ पडला आणि त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. म्हणजे जी दुखापत धसईच्या त्या मुलीला झाली, जवळजवळ तीच. त्यावर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. पण ‘खेळ संपला’ असे त्याला कोणी सांगितले नाही. शस्त्रक्रिया झाली आणि व्यायामाने गुडघा पुन्हा उभा करण्याचे काम सुरू झाले.

ऋषभ पंतचे उदाहरणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ३० डिसेंबर २०२२ रोजी त्याच्या मोटारीला भीषण अपघात झाला. मुंबईच्या कोकिलाबेन रुग्णालयात डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरही हेच. शस्त्रक्रियेला काही तास लागले. मैदानावर परतायला पंतला मार्च २०२४ उजाडला. मधले वर्षभर त्याला उभे राहायला, चालायला, पायऱ्या चढायला आणि मग धावायला शिकवणारे हात फिजिओथेरपिस्टचे होते. वर्तमानपत्रांत शस्त्रक्रियेची बातमी मोठी येते, या महिन्यांची फारशी येत नाही.

आता आपल्या गावच्या मैदानाकडे पाहू. मुलीच्या बाबतीत नेमके काय चुकले?

पहिली चूक, तिला पुन्हा खेळायला उतरवले. पाय वळताना आतून आवाज येणे, काही तासांत गुडघा सुजणे आणि नंतर तो निसटल्यासारखा वाटणे, ही तिन्ही लक्षणे अस्थिबंध तुटल्याची म्हणून फिजिओच्या विद्यार्थ्याला शिकवलेली असतात. अशा गुडघ्यावर पुन्हा उडी मारली की शेजारची कूर्चाही फाटू शकते. दुसरी चूक, ताज्या सुजेवर गरम शेक आणि जोराची मालिश. त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. तिसरी चूक म्हणजे दोन महिन्यांचा उशीर. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक होते तेच केले. मैदानावर जाणता माणूस नव्हता, एवढेच.

या शास्त्रातले ज्ञानही बदलत असते. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे हा चौपदरी उपाय अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये सुचवला आणि जगभर रूढ झाला. पुढे त्यांनीच कबूल केले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती फार काळ चालू ठेवली तर बरे होणे लांबते. आज पहिल्या एक-दोन दिवसांनंतर, दुखणे वाढणार नाही अशा बेताने, लवकर हालचाल सुरू करण्यावर भर असतो. आपलाच उपाय चुकला असे म्हणण्याची तयारी लागते असा हा पेशा आहे.

आणखी दोन गोष्टी प्रत्येक खेळशिक्षकाला आणि पालकाला माहीत हव्यात. घोटा मुरगळला तर मूल त्या पायावर चार पावले टाकू शकते का, हे पाहावे. टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर जोरात दुखत असेल, तर मुका मार समजून बसू नये, एक्स-रे काढावा. कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये डॉक्टरांनी घालून दिलेला हा नियम जगभर वापरतात. दुसरे म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात सामने भरवताना कोणी बरळू लागला, तोल जाऊन पडला आणि अंग तापलेले असेल, तर गाडीची वाट पाहत बसू नये. सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, आणि मग दवाखान्यात न्यावे. उष्माघातात आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम जीव वाचवतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

शिक्षणाची वाट

दहावीनंतर विज्ञान शाखा आणि तिच्यात जीवशास्त्र घेतलेच पाहिजे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. येथे आर्ट्स किंवा कॉमर्सला गेलेल्या मुलाला नंतर वळून येणे फार कठीण जाते. म्हणूनच हा लेख दहावीच्या निकालाआधी वाचावा.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीला, म्हणजे बीपीटीएचला, नीट परीक्षेच्या गुणांवर राज्य सीईटी कक्षामार्फत केंद्रीभूत प्रवेश मिळतो. एमबीबीएससाठी लागतात तितके गुण येथे लागत नाहीत, त्यामुळे नीटमध्ये मध्यम गुण पडले म्हणून निराश झालेल्या मुलांनी हा पर्याय जरूर पाहावा. नीटचा पेपर मराठीतून आणि उर्दूतूनही देता येतो, हे कित्येक पालकांना माहीत नसते. मुंबईत केईएम आणि नायर, तसेच नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे हे शिक्षण सार्वजनिक संस्थांत मिळते. खाजगी महाविद्यालये राज्यभर आहेत. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांपैकी बहुतेकांची पदवी देते. अभ्यासक्रम आजवर सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष कामासह साडेचार वर्षांचा होता. २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय आयोग आता देशभर एकसारखा आराखडा आणत आहे, त्यामुळे मुदतीत बदल होऊ शकतो. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. पदवीनंतर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करूनच व्यवसाय करता येतो.

पुढे खेळाकडे वळायचे असेल तर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यावी आणि तिच्याबरोबर, किंबहुना तिच्याही आधी, मैदानावर उभे राहावे. कॉलेजच्या संघासोबत, जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेत, एखाद्या मॅरेथॉनच्या मदतकेंद्रावर. पुस्तकात गुडघा स्थिर असतो. धुळीत कळवळणाऱ्या खेळाडूचा गुडघा तपासायला हात सरावावा लागतो.

दुसरी वाट डॉक्टरांची. एमबीबीएसनंतर अस्थिशल्यचिकित्सा किंवा क्रीडावैद्यक. पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात क्रीडावैद्यकाचा विभाग आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी खेळाडूंच्या दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. ही वाट लांब आहे, दहा वर्षे लागतील असे धरून चालावे.

तिसरी वाट विज्ञान न घेतलेल्यांसाठीही थोडी उघडी आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन खेळशिक्षक किंवा व्यायाम-प्रशिक्षक होता येते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे काम करते आहे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. मात्र खेळशिक्षकाने उपचार करू नयेत. दुखापत ओळखून योग्य ठिकाणी पाठवणे हे त्याचे काम. ‘तीन महिन्यांत स्पोर्ट्स फिजिओ व्हा’ अशा जाहिराती दिसतात. अशा प्रमाणपत्राने फिजिओथेरपिस्ट होता येत नाही. पैसे भरण्याआधी परिषदेकडे त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, एवढा एकच प्रश्न विचारावा.

खर्च, आणि न बोललेल्या गोष्टी

धसईच्या वडिलांनी निघताना आम्हाला विचारले तेही हेच, ‘‘खर्च किती?’’ सरकारी आणि खाजगी शुल्कांत मोठी तफावत आहे. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते जाहीर असते, ते आधी पाहावे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुलींसाठी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मुस्लिम समाजातल्या कित्येक बिरादऱ्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर वेळेवर हातात नसले की हक्काची सवलत हातची जाते. ही कागदपत्रे अकरावीतच करून ठेवावीत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या राज्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरता येतो, आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते.

आता कडू भागही सांगितला पाहिजे. टीव्हीवर दिसणाऱ्या संघांबरोबरच्या नोकऱ्या मोजक्या आहेत. नवा पदवीधर बहुधा एखाद्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर सुरुवात करतो आणि त्याच्यासमोर खेळाडूंपेक्षा पाठदुखीचे आणि लकव्याचे रुग्ण जास्त येतात. खेळाडूंबरोबर काम म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी काम, रविवारी सामना, ईदच्या दिवशीही कदाचित प्रवास. पण प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये आणि खेलो इंडिया २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून संघांना अशा माणसांची गरज वाढली आहे, आणि संघ नसला तरी या शिक्षणाचा माणूस उपाशी राहत नाही. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा प्रत्येक गावात असतो.

मुलींच्या बाबतीत घरोघरी एक अडचण असते, ती उघड बोललेली बरी. मुलगी खेळते, पडते, आणि तिच्या पायाला, पाठीला हात लावून तपासणारा पुरुष असतो. मुलगी संकोचाने दुखणे लपवते, किंवा घरचे खेळच बंद करतात. याचा उपाय मुलीला घरी बसवणे हा नाही. स्त्री फिजिओथेरपिस्ट तयार करणे हा आहे. गुडघ्याचा हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा मुलींमध्ये काही पटींनी जास्त असते. म्हणजे या पेशात मुलींची गरज अधिक आहे. आणि ज्या घरांना आपल्या लेकीने परक्या पुरुषाकडून उपचार घेऊ नयेत असे वाटते, त्याच घरांनी आपल्या लेकींना हे शिकवायला पाठवले, तर इतरांच्या लेकींचीही सोय होईल.

रमजानचा विषयही येथे येतो. रोजेदार खेळाडूला सल्ला देणारा माणूस रोजा काय असतो हे जाणणारा असला तर फरक पडतो. २०१२ चे लंडन ऑलिंपिक रमजानमध्येच आले होते, आणि त्या निमित्ताने खेळाडूंच्या उपवासावर जगभरच्या क्रीडावैद्यकांत बरीच चर्चा झाली. सर्वसाधारण धोरण असे की जोराचा सराव इफ्तारनंतर ठेवावा, इफ्तारपूर्वी हलका व्यायाम पुरे. इफ्तार ते सहरी पाणी थोडे थोडे करून पीत राहावे, आणि झोपेची तूट दुपारी भरून काढावी. आजारी किंवा जखमी खेळाडूने मात्र डॉक्टरांना आणि घरातल्या जाणत्यांना दोघांनाही विचारावे.

धसईला परत

धसई हे नाव आपण वर्तमानपत्रात एकदा वाचलेले आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी, नोटबंदीनंतर, महाराष्ट्रातले पहिले कॅशलेस गाव म्हणून ते जाहीर झाले. आसपासच्या पाड्यांची ही बाजारपेठ. येथल्या वडापाववाल्यापासून किराणावाल्यापर्यंत दुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे बसली. पुढे रोख पैसे परत आले हा भाग वेगळा. पण कार्ड कधी हातात न धरलेली माणसे ते वापरायला शिकली, ती कोणीतरी येऊन शेजारी उभे राहून दाखवले म्हणून. मैदानावरची दुखापत ओळखणे त्याहून अवघड नाही. त्यासाठी यंत्रही लागत नाही. बर्फ, एक क्रेप बँडेज आणि ‘आता खेळू नकोस’ असे ठामपणे सांगणारा एक माणूस लागतो. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००६ मध्ये तयार केलेला वीस मिनिटांचा तयारीचा व्यायाम नियमित केला तर दुखापती तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक कमी होतात, असे दिसून आले आहे. त्याला पैसा लागत नाही. शाळेतल्या शिक्षकाने ठरवले तर उद्यापासून करता येईल.

त्या मुलीला आम्ही खोटी आशा दाखवली नाही. तिचा गुडघा शस्त्रक्रियेने बरा करायचा की व्यायामाने सांभाळायचा, हे तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवायचे आहे. शस्त्रक्रिया झालीच तर निदान नऊ महिने धीर धरावा लागेल. ती पुन्हा चढाई करेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण गुडघा निसटतो म्हणजे कसे वाटते, सूज आली की रात्र कशी जाते, संघाबाहेर बसल्यावर काय होते, हे तिला आतून ठाऊक आहे. हे कोणत्याही पुस्तकात मिळत नाही आणि या पेशात रोज उपयोगी पडते.

वडिलांना आम्ही एवढेच म्हटले की आर्ट्स वाईट नाही, मुलीला त्याची आवड असेल तर जरूर घालावे. पण गुडघा दुखावला म्हणून आर्ट्स, हे कारण बरोबर नाही. आणि त्याआधी तिला एकदा चांगल्या अस्थितज्ज्ञाला दाखवा. ते काही वेळ गप्प राहिले. मग दुकानाच्या वहीतला एक कागद फाडून त्यांनी त्यावर आमच्याकडून ‘जीवशास्त्र’ आणि ‘नीट’ हे दोन शब्द लिहून घेतले, चष्मा पुसून ते वाचले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

निकालाला अजून काही महिने आहेत. तुमच्याही घरात, मोहल्ल्यात एखादे लंगडणारे पोर असेल. त्याला विचारा, दुखते कुठे. आणि मग विचारा, पुढे काय शिकायचे आहे.